ऱ्हाईनच्या दरीत एक दिवस सायकलवर: कुठल्या काठाने जावं?

खारीचावाटा

नमस्कार मंडळी, जर्मनीत राहणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या लोकांकडून थोडी मदत हवी आहे. आम्ही फ्रँकफर्टला असतो. सध्या साबु (सासरेबुवा) आलेत नाशिकहून, वय ६६, पण तिकडे रोज पहाटे सायकल हाणतात त्यामुळे इथे नुसतं बागेत फिरून ते कंटाळलेत आणि मला रोज विचारतात की सायकलवर लांब कधी जायचं. लेक ११ वर्षांची आहे, तिची स्वतःची गिअरची सायकल आहे, २५-३० किमी आरामात जाते, त्याच्या पुढे मात्र तोंड वाकडं व्हायला लागतं. नवऱ्याचा उत्साह सकाळी दहापर्यंत दांडगा असतो.

तर सप्टेंबरच्या एखाद्या शनिवारी ऱ्हाईनची ती प्रसिद्ध दरी, म्हणजे बिंगेन ते कोब्लेन्झ, सायकलने करायचा विचार आहे. नेटवर वाचलं तर सगळीकडे तेच, ६५ किमी, युनेस्को, किल्ल्यांची लांबलचक यादी आणि वाईनचे फोटो. मला साधे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं कुठे मिळत नाहीयेत. डाव्या काठाने जायचं की उजव्या? मधे काठ बदलता येतो का? दरी म्हणजे ताम्हिणीसारखा चढउतार आहे की सपाट? सगळे ६५ किमी एका दिवसात करण्यात अर्थ आहे का, आणि नसेल तर कुठला तुकडा सोडायचा? येताना ट्रेनमध्ये चार सायकली घेतील का? आणि साबुंना इतिहासाचं भयंकर वेड आहे, त्यांना काय दाखवू?

जाणकारांनी प्लीज सांगा. आगाऊ धन्यवाद.

दोनचाकी

मस्त बेत आहे, नक्की जा. आधी चढाचं सांगतो म्हणजे टेन्शन जाईल. रस्ता नदीला चिकटून आहे, बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंत पाणी जेमतेम पंधरा-वीस मीटर खाली उतरतं, म्हणजे तुम्हाला चढ असा कुठेच नाही, पूल-बोगद्यापाशी काय चार पेडल जोरात मारावे लागतील तेवढेच. डोंगर दोन्ही बाजूंना आहेत, तुम्ही त्यांच्या पायथ्याशी. किल्ला बघायला वर जायचं ठरवलंत की मग मात्र खरा चढ, आणि तो सायकल खाली लावून पायीच करा.

आता काठ. डावा (नदी वाहते त्या दिशेने तोंड करून डावा). ताणून विचार करू नका, लहान मूल बरोबर असेल तर डावाच. डाव्या बाजूला बी-९ नावाचा हायवे आहे आणि सायकलचा ट्रॅक बराच ठिकाणी हायवे आणि नदीच्या मधोमध वेगळा जातो, पाट्या सगळीकडे आहेत, युरोवेलो १५ लिहिलेलं दिसेल (हाच ट्रॅक पुढे समुद्रापर्यंत जातो). उजव्या बाजूला बी-४२ आहे, तिथे डोंगर, रेल्वे, रस्ता आणि नदी या सगळ्यांना मिळून इतकी कमी जागा आहे की सायकलच्या वाट्याला अनेकदा उरलेली पट्टी येते, आणि शेजारून ट्रक. मोठ्यांना चालतं, ११ वर्षांच्या मुलीला मी नाही नेणार.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं जे कोणी सांगत नाही ते म्हणजे मधे पूल नाही. एकही नाही. शेवटचा पूल माइंझपाशी आणि त्यानंतरचा थेट कोब्लेन्झला. रूडेसहाइम आणि बिंगेनच्या मधे एक होता, तो १९४५ मध्ये युद्धात उडवला, त्याचे दगडी अवशेष अजून काठावर दिसतात. त्यामुळे काठ बदलायचा तर फेरीबोट. बिंगेन-रूडेसहाइम, नीडरहाइमबाख-लोर्ख, काउब, झांक्ट गोआर-झांक्ट गोआर्सहाउझेन आणि बोपार्ड-फिल्झेन, या त्या जागा. सायकल घेतात सगळे, थोडे युरो पडतात, दहा मिनिटांचं काम. पण संध्याकाळी कुठली किती वाजता बंद होते ते आदल्या दिवशी बघून ठेवा, तुमचा सगळा दिवस त्या वेळांवर टांगलेला असतो.

कोब्लेन्झकर

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. डावा काठ ठीक आहे, पण सगळे लोक बिंगेनपासून सुरू करतात आणि झांक्ट गोआरला दमून ट्रेन पकडतात, खालची अर्धी दरी कोणी बघतच नाही आणि मग फोरमवर येऊन सांगतात की तिकडे काही नाही. बोपार्डला नदी जी वळते ते बघितलंय का कोणी? ऱ्हाईनचं सगळ्यात मोठं वळण आहे ते, जवळजवळ उलटी फिरते नदी, आणि त्या वळणावरचा सगळा उतार द्राक्षांनी भरलेला. बोपार्डमध्ये रोमन किल्ल्याच्या भिंती आहेत, खऱ्या, १६०० वर्षांहून जुन्या, लोकांच्या घरांच्या मधून जातात. वर डोंगरावर जायला चेअरलिफ्ट आहे, लेक खूश होईल. पुढे श्पाय गावापाशी समोरच्या डोंगरावर मार्क्सबुर्ग किल्ला. आणि शेवटी कोब्लेन्झला मोझेल नदी येऊन मिळते ते टोक, डॉइचेस एक, तिथे सम्राट विल्हेल्मचा घोड्यावरचा अवाढव्य पुतळा. पुतळा मला स्वतःला आवडत नाही (फारच छाती काढून बसवलाय) पण दोन नद्या एकत्र येतात ती जागा छान आहे.

मी तर म्हणेन बोपार्डपासून कोब्लेन्झ करा, २२-२३ किमी, गर्दी निम्मी. किंवा पूर्ण करा, ६५ सपाट किमी म्हणजे काही हिमालय नाही.

दोनचाकी

@कोब्लेन्झकर, तुमचं गावाचं प्रेम समजू शकतो :) पण पहिल्यांदा येणाऱ्याला वरचा तुकडा चुकवायला सांगणं हा अन्याय आहे. बिंगेन ते झांक्ट गोआर हीच खरी घळ, डोंगर सगळ्यात जवळ तिथे येतात, बोपार्डच्या पुढे दरी हळूहळू मोकळी व्हायला लागते आणि कोब्लेन्झच्या आधी तर वस्ती, कारखाने, गाड्या. ६५ किमी काही अवघड नाहीत हे खरं, पण मग दिवसभर फक्त पेडल मारणं होतं, एकाही गावात उतरणं होत नाही. आजोबा आणि नात बरोबर असताना तर मुळीच नको.

अंतरं लिहून ठेवतो. बिंगेन ते बाखाराख साधारण १५, तिथून ओबरवेझल ७, तिथून झांक्ट गोआर अजून ७. झांक्ट गोआर ते बोपार्ड १४. बोपार्ड ते कोब्लेन्झ २२. नदीच्या काठाला मोठे पांढरे बोर्ड दिसतील काळ्या आकड्यांचे, ते ऱ्हाईनचे किलोमीटर आहेत, कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले. बिंगेनला ५२९ च्या आसपास सुरू होतात आणि लोरेलायचा कडा बरोब्बर ५५४ ला. जहाजवाल्यांसाठी असतात, पण मुलांना मोजायला फार आवडतात, जीपीएसची गरजच नाही.

खारीचावाटा

बापरे किती पटापट उत्तरं! धन्यवाद दोघांना. लेकीची क्षमता बघता बिंगेन ते झांक्ट गोआर, २९-३० किमी, हे मला झेपणारं वाटतंय. पण एक शंका. मी नकाशा बघत होते तर बिंगेनच्या पुढचे सगळे किल्ले, म्हणजे राइनश्टाइन, राइखेनश्टाइन, झोनेक, हे डाव्याच काठावर आहेत. मग डाव्या काठाने गेलं तर ते आपल्या डोक्यावर येणार ना? दिसणार कसे? मान वर करून सायकल चालवायची का?

गडकोट

एकदम बरोबर पकडलंत. हाच या दरीचा गमतीचा भाग आहे, किल्ला ज्या काठावर असेल त्याच्या पलीकडच्या काठावरून तो दिसतो. डाव्या काठाने सायकल चालवली की तुम्हाला उजवीकडचे दिसणार: सुरुवातीलाच एहरेनफेल्सचा पडका किल्ला द्राक्षांच्या मधे, मग काउबचा गुटेनफेल्स, लोरेलाय, काट्झ, माउस. आणि डावीकडचे राहणार. त्यावर उपाय सोपा आहे, येताना उजव्या काठाची ट्रेन घ्या. झांक्ट गोआरला फेरीने पलीकडे झांक्ट गोआर्सहाउझेनला जा, तिथून फ्रँकफर्टची थेट रीजनल ट्रेन मिळते रूडेसहाइम वीसबाडेनमार्गे, गाडीच्या दिशेने तोंड केलं तर उजव्या हाताच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला असते आणि जाताना जे डोक्यावर होते ते सगळे किल्ले उलट्या क्रमाने समोरून जातात, तेही बसल्या बसल्या. दमलेल्या माणसाला याहून काय हवं.

डाव्या काठाचा अजून एक फायदा म्हणजे ऊन. उजवीकडचे उतार नैऋत्येकडे तोंड करून आहेत म्हणून तर द्राक्षं तिथे जास्त, दुपारनंतर ऊन त्यांच्यावर पडतं आणि तुम्ही सावलीच्या बाजूने ते बघत जाता. फोटोंना पण बरं.

आता साबुंसाठी. त्यांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवा नाहीतर ते प्रत्येक किल्ल्यात तटबंदी, बुरूज, दारूगोळ्याचं कोठार शोधत बसतील. इथले बरेचसे किल्ले जकातीसाठी होते. नदी हाच हायवे, आणि दरीत ती इतकी अरुंद की जहाजाला दुसरीकडून पळायला वाव नाही, त्यामुळे ज्याच्या ताब्यात एक टेकडी तो तिथे नाका लावून बसला. याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे काउबसमोरचा फाल्झग्राफेनश्टाइन, नदीच्या अगदी मधोमध खडकावर उभा, पांढरा, जहाजासारखा टोकदार. १३२६-२७ मध्ये बव्हेरियाच्या लुडविगने बांधायला घेतला, नदीत साखळी आडवी टाकून जहाजं अडवायचे आणि ही वसुली थेट १८६६ पर्यंत चालली. म्हणजे सोळा-सतरा पिढ्यांनी तिथे बसून नुसते पैसे घेतले! तो कोणी जिंकून पाडला नाही, म्हणून आज आहे तसा आहे. तुम्ही डाव्या काठावर असाल तर ट्रॅकवरूनच समोर दिसतो, आत जायचं तर फेरीने काउबला आणि तिथून छोटी बोट.

याच जागेवर ब्ल्यूखर नावाच्या प्रशियाच्या सेनापतीने १८१३-१४ च्या नववर्षाच्या रात्री सैन्य उतरवलं नेपोलियनच्या मागे जाताना, होड्यांचा पूल बांधून, भर थंडीत. साबुंना हे नक्की सांगा, आणि समोर नदीचा वेग दाखवून मग सांगा.

दुसरं, जे किल्ले परीकथेतल्यासारखे दिसतात ते बहुतेक तसे जुने नाहीत. १६८९ च्या आसपास चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी या भागात जाळपोळ केली, त्यात इथले बरेच उद्ध्वस्त झाले आणि शंभर-सव्वाशे वर्षं पडीक राहिले. मग १९ व्या शतकात प्रशियाच्या राजघराण्यातल्या लोकांना जुन्या सरदारी काळाचं वेड लागलं. राइनश्टाइन १८२० च्या दशकात राजपुत्र फ्रीडरिखने विकत घेऊन बांधून काढला, झोनेक आणि कोब्लेन्झजवळचा श्टोलझेनफेल्स पण त्याच लाटेत. दिसायला सुंदर, पण हौसेने बांधलेले. डोंगरावरचा कधीच न पडलेला असा एकच, मार्क्सबुर्ग, आणि तो कोब्लेन्झकरांच्या तुकड्यात आहे, हे मान्य करावंच लागेल.

झांक्ट गोआरचा राइनफेल्स मात्र खरा अवशेष आहे, कोणी रंगरंगोटी केलेली नाही. १६९२ मध्ये फ्रेंचांना त्याने दाद दिली नाही, नंतर क्रांतीच्या फौजांच्या हाती १७९४ मध्ये गेला आणि त्यांनी सुरुंग लावून उडवला. माझ्या मते साबुंना आवडेल असा तोच. गावातून पायी चढायचं, दम लागतो.

कोब्लेन्झकर

मार्क्सबुर्गची दखल घेतल्याबद्दल आभार, आता शांत झोप लागेल.

पण सिरियसली, झांक्ट गोआरला पोचून चार वाजायच्या आत असाल आणि सगळ्यांच्या पायात दम असेल तर बोपार्डपर्यंतचे १४ किमी करून टाका, ट्रॅक छान आहे, नदीला लागूनच आहे, समोर दोन भावांचे किल्ले दिसतात श्टेरेनबेर्ग आणि लीबेनश्टाइन, त्यांच्या मधे एक भिंत आहे आणि दोघा भावांच्या भांडणाची दंतकथा आहे. आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात शोभेल अशी. बोपार्डहून ट्रेन आहेच.

लोकलगाडी

ट्रेनचं मी सांगतो, रोजचा प्रवासी आहे.

दरीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे, त्यामुळे कुठेही दमलात तरी पुढचं स्टेशन पाच-सात किमीच्या आत आहे. मनावर ओझं घेऊन निघूच नका. डाव्या काठाच्या गाड्या माइंझकडे जातात, उजव्या काठाच्या रूडेसहाइम-वीसबाडेनकडून फ्रँकफर्टला. दोन्हीकडच्या रीजनल गाड्यांना डॉइचलांड-टिकेट (देशभर चालणारा महिन्याचा पास) चालतं, फक्त त्यात सायकल धरलेली नसते. पण ऱ्हाईनलांड-फाल्झ राज्यात रीजनल गाडीत सायकल सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर आणि शनिवार, रविवार, सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस फुकट आहे, आणि फ्रँकफर्टच्या बाजूच्या आरएमव्हीमध्येही (तिकडची सार्वजनिक वाहतूक) फुकटच आहे. तुम्ही शनिवारी जाताय म्हणजे प्रश्नच नाही.

प्रश्न जागेचा आहे. फुकट म्हणजे जागा मिळेलच असं नाही, व्हीलचेअर आणि बाबागाडीला आधी मान, डबा भरलेला असेल तर कंडक्टर सायकली नाही म्हणू शकतो आणि त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. रीझर्वेशनही नसतं या गाड्यांना. चार सायकली एकत्र असतील तर सप्टेंबरच्या शनिवारी संध्याकाळी पाच ते सात ही वेळ टाळा, वाईनच्या जत्रा चालू असतात गावोगावी आणि गाड्या गच्च येतात. दोन-दोन करून वेगवेगळ्या दारांतून चढायचं, आणि एक गाडी गेली तर पुढची घ्यायची अशी मनाची तयारी ठेवायची.

सकाळी बिंगेनला उतरताना लक्षात ठेवा, तिथे दोन स्टेशनं आहेत. बिंगेन श्टाट गावात आहे आणि बिंगेन हाउप्टबानहोफ पुढे नाहे नदीच्या पलीकडे. नावाने फसू नका, हाउप्टबानहोफ मोठं स्टेशन पण तिथे गाव असं काही नाही. मात्र सायकलवाल्यांना तेच सोयीचं, बाहेर पडलं की समोर नदी, बेटावर उंदरांचा मनोरा म्हणजे मॉयझेटुर्म, आणि तिथून दरी सुरूच.

खारीचावाटा

उंदरांचा मनोरा?? हे काय प्रकरण?

गडकोट

दंतकथा आहे. हाट्टो नावाचा माइंझचा आर्चबिशप होता, दुष्काळात त्याने धान्य कोंडून ठेवलं आणि मागायला आलेल्या गरिबांना कोठारात बंद करून जाळलं म्हणे. मग उंदीर त्याच्या मागे लागले, तो पळून बेटावरच्या मनोऱ्यात जाऊन बसला, तर उंदीर पोहत आले आणि त्याला खाऊन टाकलं. लेकीला सांगायला उत्तम, नवऱ्याला सांगायला पण. (खरा मनोरा जकातीसाठीच होता, दुसरं काय.)

निवांत_पेडल

सगळ्यांनी किल्ल्यांवर लिहिलं, मी नदीवर लिहितो. माझं वैयक्तिक मत, या दरीत किल्ल्यांपेक्षा जहाजं बघणं जास्त भारी आहे आणि त्यासाठी सायकल हे बेस्ट वाहन, कारण प्रवाहाच्या उलट येणाऱ्या मालवाहू जहाजाचा वेग आणि निवांत सायकलचा वेग बराच जुळतो, म्हणजे विरुद्ध दिशेने येताना नीट बघता येतात आणि प्रवाहाबरोबर जाणारं मात्र भुर्रकन पुढे जातं. कोळसा, कंटेनर, रसायनं, सगळं यावरून जातं.

ओबरवेझल ते झांक्ट गोआर या सात किमीत डोळे उघडे ठेवा. इथे नदीची वळणं इतकी आंधळी आहेत की समोरून कोण येतंय हे कप्तानाला दिसतच नाही. म्हणून काठावर दिव्यांचे खांब आहेत, वरच्या दिशेने येणाऱ्याला ते दिवे सांगतात की पुढच्या टप्प्यात खाली उतरणारं जहाज आहे का आणि केवढं. डाव्या काठाच्या ट्रॅकवरून जाताना हे खांब दिसतात. लोरेलायपाशी नदी अरुंद आणि २५ मीटरपर्यंत खोल आहे, वर १३२ मीटरचा सरळ कडा. दंतकथेत वर बसून केस विंचरणारी बाई खलाशांना भुलवते. खरा गुन्हेगार म्हणजे खडक, वळण आणि प्रवाह. आणि ही जुनी गोष्ट नाही, जानेवारी २०११ मध्ये सल्फ्युरिक ॲसिडचं टँकर जहाज इथेच उलटलं होतं, २४०० टन ॲसिड होतं त्यात, आणि कित्येक आठवडे नदीची वाहतूक अडकून पडली होती.

लोरेलायचा कडा बघून पहिल्यांदा बहुतेक जण म्हणतात, एवढंच? हे आधीच सांगून ठेवा साबुंना. नुसता खडक म्हणून बघितला तर आपल्या सह्याद्रीच्या माणसाला त्यात काही वाटणार नाही. दहा मिनिटं थांबून एक मोठं जहाज तिथून वळताना बघा, शेपूट आधी पलीकडे टाकून मग तोंड फिरवतं, तेव्हा कळतं. आणि डाव्याच काठावरून बघा, उजवीकडून गेलात तर कड्याच्या खालून निघून जाल आणि दिसणारच नाही.

डाव्या बाजूचे रेल्वेचे बोगदे पण बघा तिथेच, तोंडाशी बुरूज बांधलेत किल्ल्यासारखे, रेल्वेला पण शोभा पाहिजे म्हणून.

अजून दोन गोष्टी. एक, शांतता मिळेल असं समजून जाऊ नका. मालगाड्या दोन्ही काठांनी सतत, त्यांचा आवाज दरीत घुमतो. रात्री राहणाऱ्यांना फार त्रास होतो, दिवसा सवय होते. दुसरं म्हणजे वारा. चढ नाही पण वारा आहे, दरीत तो एका दिशेने कोंडून येतो, तोंडावर आला तर सपाट रस्त्याचा सगळा फायदा गेला. आदल्या दिवशी वाऱ्याची दिशा बघा आणि समोरून असेल तर बिनधास्त उलटं करा, झांक्ट गोआरहून बिंगेनकडे. उतार नाहीच म्हटल्यावर दिशा कुठलीही चालते.

दोनचाकी

+१ वाऱ्याला. आणि पाण्याच्या पातळीला पण. काउबला नदीची पातळी मोजतात, जहाजवाले सगळे त्याच आकड्यावर जगतात. ऑगस्ट २०२२ च्या दुष्काळात तो ४० सेंटीमीटरच्या खाली गेला होता आणि लोक उंदरांच्या मनोऱ्यापर्यंत कोरड्या पायांनी चालत गेले होते. (हा आकडा म्हणजे खरी खोली नव्हे, मोजपट्टीचा शून्य वेगळा असतो, त्यामुळे घाबरू नका, नदीत त्याहून जास्त पाणी असतं.) उलट पूर आला तर सायकल ट्रॅक आधी पाण्याखाली जातो कारण तोच सगळ्यात खाली आहे. गावांमध्ये घरांच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या रेघा आणि सालं कोरलेली दिसतील, काही डोक्याच्या वर. सप्टेंबरमध्ये पुराची भीती फारशी नसते, हिवाळ्यात जास्त.

खारीचावाटा

तुम्ही लोक कमाल आहात. साबुंना सगळा धागा वाचून दाखवला, त्यांनी ब्ल्यूखरवर अर्धा तास प्रश्न विचारले आणि आता त्यांना काउबला उतरायचंच आहे. तर बेत असा: सकाळी माइंझमार्गे बिंगेन हाउप्टबानहोफ, डाव्या काठाने बाखाराख, तिथे थांबा, मग काउबसमोरून फेरीने पलीकडे जाऊन पुन्हा इकडे, ओबरवेझल, लोरेलाय, झांक्ट गोआर, राइनफेल्सला फक्त नवरा आणि साबु चढतील, आम्ही दोघी खाली आइस्क्रीम. मग फेरी, उजव्या काठाची ट्रेन, उजव्या हाताची खिडकी. बरोबर ना?

उरलेले प्रश्न: शाकाहारी काही मिळतं का, साबु अंडं पण खात नाहीत. पाणी कुठे भरायचं. आणि लेकीने गावात फुटपाथवरून चालवली तर चालेल का?

लोकलगाडी

बेत एकदम बरोबर. फक्त फेरीच्या वेळा बघा, काउबची आणि झांक्ट गोआरची दोन्ही.

फुटपाथ: जर्मनीत ८ वर्षांपर्यंतच्या मुलांनी फुटपाथवरून चालवायचीच असते, १० पूर्ण होईपर्यंत चालवता येते, त्यानंतर नाही. म्हणजे तुमची लेक आता मोठ्यांच्या नियमात. सायकल ट्रॅक किंवा रस्ता, आणि गर्दीच्या गल्लीत उतरून हातात धरून. हेल्मेटची सक्ती नाही पण घालाच. दिवे मात्र कायद्याने हवेत, बोगद्यात आणि संध्याकाळी लागतीलच.

गडकोट

खाण्याचं: फ्लामकुखेन बिनमांसाचा मागा, पातळ भाकरीवर क्रीम आणि कांदा असतो, नेहमीच्यात डुकराचं मांस घालतात म्हणून "ओने श्पेक" हे सांगायचं, आणि अंडं नाही ना ते पण विचारून घ्या. सूप वगैरेच्या भानगडीत पडू नका, रस्सा बहुतेक मांसाचा असतो. कॅझेश्पेट्झलेमध्ये अंडं असतं, ते साबुंना नको. त्यापेक्षा घरून पोळीभाजीचे रोल न्या आणि नदीकाठच्या बाकावर बसून खा, या दरीतली सगळ्यात चांगली रेस्टॉरंटं म्हणजे ते बाक. सप्टेंबर शेवटी गेलात तर फेडरवाइसर मिळेल, अर्धवट आंबलेला द्राक्षाचा रस, गोड लागतो आणि चढतो जास्त, सायकलवर असताना एकच ग्लास. लेकीला साधा द्राक्षाचा रस.

पाणी: गावांच्या स्मशानांमध्ये नळ असतात झाडांना पाणी घालायला, सायकलवाले तिथे भरतात, फक्त "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असेल तर पिऊ नका. आणि शनिवार सोडून रविवारी जायचं ठरलं तर खाऊ आदल्या दिवशीच घ्या, रविवारी सुपरमार्केट बंद.

बाखाराखमध्ये वर्नरकापेल्लेचे अवशेष चुकवू नका, छत नसलेलं लाल दगडाचं चर्च, स्टेशनपासून पाच मिनिटं पायऱ्या. आणि तिथे एक पाटी आहे ती साबुंबरोबर नक्की वाचा. १२८७ मध्ये एका मुलाच्या मृत्यूचा खोटा आरोप ज्यूंवर ठेवून या भागात त्यांची कत्तल झाली, आणि त्याच मुलाच्या नावाने हे चर्च उभं राहिलं. सुंदर दिसतं म्हणून सगळे फोटो काढतात आणि पुढे जातात.

निवांत_पेडल

ओबरवेझलला थांबा जमलं तर, जुन्या तटबंदीचे १६ मनोरे अजून उभे आहेत आणि भिंतीवरून चालता येतं. बाखाराखपेक्षा गर्दी कमी.

कोब्लेन्झकर

आणि पाय चांगले असले तर बोपार्ड :)

खारीचावाटा

@कोब्लेन्झकर, नवरा म्हणतोय ऑक्टोबरमध्ये तुमचा तुकडा, मार्क्सबुर्गसकट. चेअरलिफ्टमध्ये सायकल घेतात का हो?

कोब्लेन्झकर

चेअरलिफ्टची खुर्ची दोन माणसांची आहे, सायकल खाली स्टेशनला कुलूप लावून ठेवा. वर चार तळ्यांचा व्ह्यू म्हणतात ती जागा आहे, नदी एकच पण मधे डोंगर आल्यामुळे चार वेगवेगळी तळी दिसतात. मार्क्सबुर्ग गाइड बरोबरच बघता येतो, एकटं फिरायला देत नाहीत, म्हणून टूरच्या वेळा बघून या. आणि तो उजव्या काठावर आहे, म्हणजे बोपार्डहून सकाळीच फेरीने फिल्झेनला जा आणि मग उजव्या काठाने ब्राउबाख, तेवढ्यापुरता उजवा काठ चालून जाईल, फक्त लेकीला मधे ठेवा.